माळ्यावरची चिवचिव

६ मे

प्रिय ठकू,

फोन ठेवल्याबरोबर लिहायला बसले आहे. सांगायचं ते फोनवर सांगता आलं नाही, कारण तुझा दादा समोरच बसला होता आणि तू नेहमीसारखी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होतीस. हल्ली सगळेच पुटपुटतात, नाहीतर आमचा फोन तरी बिघडलाय. पत्र बरं. पत्र पुटपुटत नाही.

सरळ मुद्द्यावर येते. तुझ्या भावाचं लक्षण मला काही ठीक दिसत नाही. तसा तब्येतीने ठणठणीत आहे. खाली दुकानात बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करतो, जेवतो, पेपर वाचून सगळ्या जगावर चिडतो. पण गेले काही दिवस दिवेलागणीला तो वरच्या खोलीत येतो, माझा व्हायोलिनचा क्लास चालू असला तरी येतो, मान वर करून छताकडे बघत राहतो आणि म्हणतो, "ऐकलंस? माळ्यावर काहीतरी चिवचिवतंय." मी ऐकते. काही नसतं. तसं सांगितलं की माझ्याकडे बघतो, पुन्हा छताकडे बघतो आणि खाली निघून जातो.

परवा खुर्चीवर चढून छताला कान लावून उभा होता. या वयात! मी म्हटलं, "उतर खाली, कंबर मोडून घेशील." तर म्हणाला, "पुष्कळ आहेत गं."

ठकू, तू तेव्हा कॉलेजला बाहेरगावी होतीस, पण तुला आठवत असेल. अण्णांचं असंच सुरू झालं होतं. त्यांना दारात बँडवाले आलेले ऐकू यायचे आणि त्या सगळ्यांसाठी चहा टाकायला सांगायचे. सून म्हणून मी टाकायचेसुद्धा, आणि मग तुझा दादा आणि मी बसून तो भलामोठा चहा संपवायचो. तेव्हा हसायचो आम्ही. आता मला हसू येत नाही. मला भीती वाटते.

तुझ्या शहरात मेंदूचे चांगले डॉक्टर असतील. चौकशी कर. आणि उत्तर माझ्या नावाने टाक, दादाच्या हाती पडू देऊ नकोस.

तुझी,
वहिनी

---

११ मे

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. लायब्ररीत दिवसभर पुस्तकांवर शिक्के मारत होते, पण डोक्यात अण्णाच होते. शेवटी तर त्यांना मी ओळखू येत नव्हते. मला ते "पोस्टातल्या बाई" म्हणायचे. दादाने मला पोस्टातली बाई म्हटलं तर मी जागच्या जागी रडेन.

डॉक्टर मिळालेत. महिनाअखेरची वेळ दिली आहे. दादाला घेऊन माझ्याकडेच ये, सावकाश राहा. तोपर्यंत त्याच्याशी वाद घालू नकोस. "हो, असेल काहीतरी" म्हण आणि विषय बदल. आणि दुकानाचं काय करायचं? लोकांची किमती घड्याळं असतात तिथे. काही विसरला, हरवलं, तर त्याचं इतक्या वर्षांचं नाव जाईल. मला वाटतं, हळूहळू दुकान आवरायला घ्यावं. हे मी लिहिते आहे यावर माझाच विश्वास बसत नाही. मी लहान असताना त्या दुकानात टेबलाखाली बसून गृहपाठ करायचे.

एक विचारू का? त्याच्याशिवाय आणखी कुणाला काही ऐकू आलंय का? तुझ्या क्लासच्या मुलांना?

तुझी,
ठकू

---

१७ मे

प्रिय ठकू,

मुलांचं विचारलंस. मुलं तर काय, तयारच असतात! दादाने चारचौघांत चिवचिव म्हटल्यापासून सगळी म्हणतात, "हो बाई, आम्हालापण ऐकू येतं." एक कारटी तर म्हणाली, वर बाळं रडतायत. सराव चुकवायला बरं निमित्त. मी सगळ्यांना दटावून बसवलं. तसंही हल्लीच्या मुलांच्या हातात जोरच नाही. बारीक तारेवर वरचे सूर घेताना नुसतं गोंजारतात, आवाज म्हणून काढत नाहीत. गेल्या आठवड्यात दोन पालक येऊन गेले, पोरांना पोहायला घालणार म्हणे. घाला. पाण्यात तरी हात हलवतील.

डॉक्टरांचं मी दादाला सांगितलं. घाबरत घाबरतच सांगितलं. वाटलं, भांडेल, दार आपटेल. त्याने हातातल्या घड्याळाचं झाकण बसवलं. मग म्हणाला, "तुला बरं वाटणार असेल तर येतो." एवढंच. ठकू, त्याने तमाशा केला असता तर मला परवडला असता. आयुष्यात हा माणूस कधी माझं एका झटक्यात ऐकत नाही. दुकान आवरायचं म्हटलं, त्यालाही "बघू" म्हणाला. आणि त्या दिवसापासून चिवचिवीचं नाव काढत नाही. वर येतो, छताकडे बघतो, खाली जातो.

भरीत भर म्हणजे क्लासच्या खोलीत छताला पिवळट डाग पडलाय आणि घाण वास मारतो. कुठेतरी गळत असणार, नाहीतर उंदीर मेला असणार. छप्परवाल्याला बोलावलंय. दादाच्या कपड्यांची बॅग मी भरून ठेवली आहे. त्याने बघितली आणि नुसता चष्मा आत टाकला.

वहिनी

---

२३ मे

ठकू, ठकू,

डॉक्टरांना कळव, येत नाही! तुझ्या भावाचं डोकं जागेवर आहे. माळ्यावर वटवाघळं आहेत!

छप्परवाला गळती बघायला आला. शिडी लावली, माळ्याचं झाकण सरकवलं, बॅटरी आत मारली आणि शिडीवरून असा खाली आला की मधल्या पायऱ्या त्याने मोजल्याच नसतील. केसांत लेंड्या. मग पाणी पिऊन म्हणाला, "बाई, तुमचं घर भरलंय." वळचणीला बोटभर फट आहे, तिथून ये-जा. आढ्याला दाटीवाटीने लटकली आहेत आणि खाली लेंड्यांचा ढीग साचलाय. तो पिवळा डाग म्हणजे त्यांचं मूत, ठकू! त्याच्याखाली बसून मी मुलांना स्वर शिकवत होते.

मला आधी शिसारी आली आणि मग रडू फुटलं. छप्परवाल्याला वाटलं, मी वटवाघळांना घाबरले. दादा शिडीच्या पायथ्याशी उभा होता. मी त्याचा हात धरला आणि म्हटलं, "अरे, आहेत रे." तो म्हणाला, "हो." ना टोमणा, ना काही. मी त्याच्या जागी असते तर वर्षभर पुरवून पुरवून सुनावलं असतं.

पण मग मला ऐकू कसं येत नव्हतं? त्याचा उलगडा छप्परवाल्यानेच केला. वटवाघळांचा आवाज म्हणे माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही, शाळेच्या पुस्तकात असतं. म्हणजे बघ, तुझ्या भावाचे कानच जगावेगळे! जन्मभर घड्याळांची टिकटिक ऐकून तयार झाले असणार. मी कालपासून शेजारीपाजारी सगळ्यांना सांगत सुटले आहे. तो मात्र ओशाळल्यासारखा बघतो. कौतुक झालं की त्याला कुठे तोंड लपवू असं होतं.

छप्परवाला पुढच्या आठवड्यात येऊन ती फट सिमेंटने बुजवणार आहे. मग माळा धुऊन, जंतुनाशक मारून, छताला रंग. बॅग रिकामी केली. जिवावरचा धोंडा उतरला गं.

तुझी,
वहिनी

---

२८ मे

प्रिय वहिनी,

आनंदाने ओरडले, तर वाचायला बसलेल्या मुलांनी वळून बघितलं. दादाला माझ्याकडून माफी सांग. दुकान आवरायचं मीच सुचवलं होतं.

पण फट बुजवू नका! आमच्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या सरांना मी आजच विचारलं. ते म्हणाले, हे दिवस पिल्लांचे आहेत. माद्या संध्याकाळी किडे खायला बाहेर पडतात, पिल्लं मागे टांगलेली राहतात. फट बंद केली तर पिल्लं आत मरतील आणि त्यांच्या आया मिळेल त्या भोकातून घरात शिरतील. पिल्लं उडायला लागेपर्यंत थांबायचं. मग फटीवर जाळीचा पडदा सोडायचा, खालून सैल. बाहेर पडता येतं, परत शिरता येत नाही. आपण होऊन जातात. तोपर्यंत क्लास दुसरीकडे घे. लेंड्या कोरड्या झाडू नका, ओल्या करून, नाकाला फडकं बांधून काढा. आणि वटवाघूळ हातात धरू नका. चावलं, ओरखडलं, तर लगेच दवाखाना.

हे पत्र वेळेवर पोचू दे. फोन केला होता, पण तू "काय? काय?" करून ठेवून दिलास.

तुझी,
ठकू

---

२८ मे

(दुकानाच्या पत्त्यावर)

दादा,

वहिनीला वेगळं पत्र टाकलंय. हे फक्त तुला.

मी आमच्या सरांना सांगितलं, माझ्या भावाला वटवाघळांचा आवाज ऐकू येतो, तुम्हाला अभ्यासाला उपयोगी पडेल. ते हसले. म्हणाले, उडताना वाट शोधायला काढतात तो आवाज आपल्याला येत नाही, हे खरं. पण दाटीवाटीने टांगलेली असतात तेव्हा ती भांडतात, पिल्लं आईला हाका मारतात, आणि ती चिवचिव कुणालाही ऐकू येते. लहान मुलांना तर फारच. ज्याला येत नाही, त्याने कान तपासून घ्यावेत, असंही म्हणाले.

मी वहिनीची सगळी पत्रं पुन्हा वाचली. मी पुटपुटते. फोन बिघडलाय. मुलांच्या हातात जोर नाही.

तुला हे ठाऊक होतं का?

ठकू

---

७ जून

ठकू,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली, पण उशिरा. छप्परवाल्याने फट आधीच बुजवली होती. त्याने काम चांगलं केलं, हीच अडचण झाली.

झालं ते असं. बुजवली ती संध्याकाळी, माद्या बाहेर असताना. वर पिल्लं रात्रभर ओरडली आणि तुझी वहिनी शांत झोपली. दुसऱ्या दिवसापासून वटवाघळं घरात यायला लागली. न्हाणीच्या झरोक्यातून, कौलांच्या सांध्यातून, जिथे मिळेल तिथून. एक क्लासच्या खोलीत खिडकीच्या पडद्यामागे अडकलं. मी खोका घेऊन त्याला पकडायच्या बेतात होतो. ती जिना चढत होती, तिच्या पावलांचा आवाज आला. मी ओरडलो, "आत येऊ नकोस." पुन्हा ओरडलो. खालच्या गल्लीतल्या माणसाने वर बघितलं. ती आली. तोवर वटवाघूळ पडद्यातून सुटून व्हायोलिनच्या उघड्या पेटीत पडलं होतं, तिला वाटलं, तार पुसायचं काळं फडकं आहे. तिने ते उचललं. अंगठ्याला चावलं.

साबणाने जखम धुतली, दवाखान्यात नेलं. रेबीजची इंजेक्शनं सुरू आहेत. वेळेत दिली की धोका नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिथे नर्सने तिचं नाव पुकारलं. पुन्हा पुकारलं. ती समोरच्या बाकावर बसून माझ्याशी गप्पा मारत होती.

तू विचारलंस ते. हो, मला ठाऊक होतं. गेल्या हिवाळ्यापासून. एक छोटं टेबलावरचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं, बारीक घंटेचं. तिला ऐकवायला वर नेलं, तर ती म्हणाली, "वाजव ना." ते वाजत होतं. तेव्हापासून ती बाजारात गेली की मुलांच्या व्हायोलिनच्या तारा मी लावून ठेवतो. मला शिकवता येत नाही, पण सूर लागलाय की नाही हे कळतं. ज्या दोन पालकांनी मुलांना काढलं, त्यांनी कारण मला सांगितलं होतं. पोहण्याचं निमित्त मीच सुचवलं.

तिला का नाही सांगितलं, हे तू विचारशीलच. तू तिला ओळखतेस. सांगितलं असतं, तर तिने त्याच दिवशी व्हायोलिन पेटीत घातलं असतं आणि पेटी माळ्यावर टाकली असती. अर्धवट काही करायचं तिला जमत नाही. आमच्या घरात मूल नाही, आवाज आहे तो त्या क्लासचा. तो बंद झालेला मला बघवला नसता. चिवचिव सुरू झाली तेव्हा मी आधी बावळटासारखा सांगून बसलो, मग लक्षात आलं की तिला येत नाही. पुढे पटवून द्यायला गेलो असतो, तर तिचे कान उघडे पडले असते. मला वेडा ठरवत होती, ते चाललं. डॉक्टर काय विचारणार? आज वार कोणता, गावाचं नाव काय. तेवढं मला येतं.

पण आता वटवाघूळ चावलं. उद्या मोटार असेल. सांभाळायला गेलो आणि तिचा अंगठा पुढे केला. जेवण झालं की तिला सांगणार आहे.

दादा

---

२५ जून

प्रिय ठकू,

तुला सगळं माहीत आहे, हे मला माहीत आहे. तेव्हा उगाच आडून आडून विचारू नकोस.

अंगठा बरा आहे. इंजेक्शनं सहन होतात, ती देणारी नर्स आता माझ्यासमोर येऊन, तोंडाकडे तोंड करून बोलते.

घराचं सांगते. छप्परवाल्याने फट पुन्हा फोडली, स्वतःच घातलेलं सिमेंट स्वतःच काढताना फार कुरकुरला. काही पिल्लं मेली होती. त्याच्यामागून दादा नाकाला फडकं बांधून वर गेला आणि पिशवी भरून खाली आला, तो मला त्यात बघू देईना. उरलेल्यांच्या आया परत आल्या. आता पिल्लं उडायला लागेपर्यंत ते भाडेकरू वर आणि आम्ही खाली. वास आहेच. जाळी आणून ठेवली आहे. वरची खोली बंद केली, क्लास दुकानात घेते. मुलं घड्याळांच्या टोल्यांवर ताल धरतात आणि गिऱ्हाइकं काम झालं तरी हलत नाहीत.

क्लास चालू आहे, हे वाचून तू चमकली असशील. तुझ्या दादाची खात्री होती की मी बंद करणार. मीही तेच म्हटलं होतं.

त्याने सांगितलं त्या संध्याकाळी मी आधी हसले, मग चिडले. इतकी चिडले की त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. कान गेले म्हणून नव्हे. कानांचं मला आतून कुठेतरी कळत असणार, नाहीतर मी साऱ्या जगाला पुटपुटं ठरवलं नसतं. माझा संताप दुसऱ्याच गोष्टीवर होता. मी या माणसाची बॅग भरली, ठकू. त्याचे सदरे घड्या घालून ठेवले आणि मनात म्हटलं, आता अण्णांसारखंच याचंही करायचं. आणि तो उभा राहून बघत होता! एक शब्द बोलला असता तर सुटला असता. तो चष्मा टाकून मोकळा झाला. असला कसला माणूस! मी त्याला म्हटलं, "माझ्या क्लाससाठी तू वेड्यांच्या डॉक्टरकडे जाणार होतास?" तर म्हणतो, "ठकूकडे जायचं होतंच, तेवढीच भेट झाली असती." मग मला रागावताही येईना. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र मिळेल. बोलणं चांगलं ऐकू येईल, वरच्या सुरांची ते हमी देत नाहीत. म्हणून मोठ्या मुलांना मी माझ्या जुन्या विद्यार्थिनीकडे पाठवलं. पालकांना फोन न करता प्रत्येकाच्या घरी जाऊन कारण सांगितलं. एक आई म्हणाली, "आम्हाला माहीत होतं, पण तुम्ही शिकवता छान." त्या वेळी खाली बघावं लागलं. नवी, लहान मुलं ठेवली आहेत. बोटं कशी ठेवायची, गज कसा धरायचा, ते डोळ्यांनी दिसतं. तारा तुझा दादा लावतो. आता चोरून नाही, सगळ्यांसमोर, चष्मा कपाळावर चढवून, आणि भाव खातो.

यंत्र येईपर्यंत मी त्याच्यावर एक अट घातली आहे. ऐकू येईल ते सगळं मला सांगायचं. काही लपवायचं नाही, चांगलं काय, वाईट काय, ते मी ठरवीन. सुरुवातीला लाजायचा. आता संध्याकाळी दुकानाची फळी लावली की शेजारी बसतो आणि सांगत सुटतो. नळ ठिबकतोय. समोरच्यांचं भांडण चाललंय, तिचं बरोबर आहे. गल्लीत कुणीतरी सायकल पाडली. वर पिल्लांनी गोंधळ घातलाय, एकाची आई आली वाटतं, ते गप्प झालं. माणसाला एवढं बोलता येतं, हे मला माहीत नव्हतं.

आत्ताही बसलाय. मी विचारलं, आता काय येतंय ऐकू? तर म्हणतो, काही नाही, तुझं पेन तेवढं करकरतंय.

तुझी,
वहिनी